पिवळ्या कार्डावरची रम

दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला डागवाल्यांचे दोन पेग. दोन म्हणजे दोन. अडीच नाही, आणि आज कंटाळा आलाय म्हणून एकसुद्धा नाही. आणि व्हिस्कीच. बर्फ नाही. सोडा तर नाहीच, सोडा घालणाऱ्याकडे ते असे बघायचे की जणू त्याने सिल्कच्या शर्टावर ब्लीच ओतलंय. टोपणभर पाणी, मूठभर खारे दाणे, आणि पहिल्या घोटाच्या आधी पाच मिनिटं नुसतं हुंगणं. बायको म्हणायची, "अहो, प्या तरी. उडून जाईल ती."

रमबद्दल त्यांचं मत एका वाक्यात संपायचं. रम म्हणजे सर्दीचं औषध, ते पण गरम पाण्यातून, ते पण बायकोने आणून दिलं तर.

आता अशा माणसाच्या घरात फळीवर तीन-तीन रमच्या बाटल्या कशा आल्या, आणि तिसरीने त्यांचा कसा घात केला (खरं तर तिने नाही, त्यांनीच केला), हे सांगायचं तर आधी डागांपासून सुरुवात करावी लागेल.

ड्रायक्लीनिंगच्या मोठ्या दुकानात डागवाल्यांना बत्तीस वर्षं झाली होती. पुढे काउंटर, मध्ये मशिनं, कोपऱ्यात इस्त्रीवाला, आणि एकदम मागे खिडकीखाली त्यांचं टेबल. टेबलावर वाफेची नळी, एक बोथट पट्टी, मऊ ब्रश आणि अकरा बाटल्या. बाटल्यांना नावं नाहीत, नंबर. चार नंबर शाईला, नऊ नंबर तेलाला, सात नंबर नेलपॉलिशला. सात नंबरला केळ्याचा वास यायचा. साधा नाही, डोक्यात जाणारा, कुणी केळं पेट्रोलमध्ये बुडवलंय असा.

आणि त्यांचं अर्धं काम नाकाचं. माणूस डाग बघून फसतो, हुंगून फसत नाही, असं ते सांगायचे. एकदा एक बाई कोट घेऊन आली, म्हणाली चहा सांडला. डागवाल्यांनी कॉलर नाकाशी धरली आणि म्हणाले, "चहा नाही हो, खोकल्याचं औषध आहे. आणि लपवायचं कशाला, खोकला सगळ्यांनाच होतो." बाई लाजून लाल. इस्त्रीवाला हसून हसून खाली बसला.

प्रत्येक कपड्याला ते एक पिवळं कार्ड टाचायचे. त्यावर चार ओळी. डाग कशाचा, किती जुना, काय केलं, निकाल. प्रत्येक ओळीत एक-दोन शब्द, फार तर तीन. बत्तीस वर्षं माणूस दिवसाला चाळीस कार्डं लिहितो म्हटल्यावर त्याला लांब वाक्यं लिहिताच येत नाहीत, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यांच्या स्वतःच्याही नाही.

त्यांच्यापेक्षा चांगलं नाक एकाच माणसाला होतं. त्यांच्या लेकीला. आणि गंमत म्हणजे तिचं नाक जन्मापासून एवढंसं, बसकं, म्हणून घरात सगळे तिला नकटी म्हणायचे. शाळा सुटली की नकटी दुकानात येऊन टेबलाच्या कडेला बसायची आणि बाबांच्या आधी डाग ओळखायची. शनिवारी तिला ग्लास फक्त हुंगायला मिळायचा. "धूर," म्हणायची. "मध. आणि कुणाचं तरी जुनं कपाट." डागवाले पुढचा आठवडाभर दुकानात सांगत सुटायचे, "जुनं कपाट म्हणाली! आठ वर्षांची पोर!"

हे सगळं इतकं छान होतं ना, की पुढचं सांगायलाच नको वाटतं.

नकटीचं लग्न झालं. पाच वर्षं टिकलं. का मोडलं ते तिने कुणालाच नीट सांगितलं नाही, आणि एका मंगळवारी दुपारी ती एक बॅग घेऊन आली. घरी नाही, सरळ दुकानात, कारण तिला माहीत होतं बाबा सातपर्यंत तिथेच असतात. डागवाल्यांच्या हातात कुणाचा तरी करडा कोट होता. ती म्हणाली, "बाबा, मी आले. परत जाणार नाही."

नवऱ्याकडच्यांचा फोन तिच्या आधीच येऊन गेला होता. त्यांनी काय काय ऐकवलं असेल ते असेल. डागवाल्यांनी कोट खाली ठेवला नाही, वर बघितलं पण नाही. म्हणाले, "नासलीस तू."

बस. दोन शब्द. कार्डाच्या एका ओळीत मावतील एवढे.

इस्त्रीवाल्याच्या हातात इस्त्री तशीच राहिली, आणि एक शर्ट जळला. नकटीने माठातलं पाणी घेतलं, पूर्ण ग्लास प्यायली, बॅग उचलली आणि गेली. दीड महिन्याने कळलं की ती एका मोठ्या प्रवासी जहाजावर लॉन्ड्रीत लागलीये. जहाज कॅरिबियन बेटांच्या मध्ये फिरतं, या बेटावरून त्या बेटावर, आणि नकटी खाली जहाजाच्या पोटात लोकांच्या पार्टीच्या कपड्यांवरचे डाग काढते.

आईला ती महिन्यातून एकदा फोन करायची, डागवाले दुकानात असताना. हे त्यांना माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे बायकोला माहीत होतं. तरी ते घरी आल्यावर तिने काही सांगायचं नाही आणि त्यांनी काही विचारायचं नाही, असं तीन वर्षं चाललं. नकटीची अटच होती. बाबांना फोन द्यायचा नाही.

आणि मग पहिली बाटली आली.

घेऊन आली केकवाली. ती त्याच जहाजावर केक करायची, याच गावची, आठ महिने जहाजावर आणि दोन महिने घरी. आवाज एवढा मोठा की मशिनं बंद करायची गरज नाही.

"तुम्हीच का ते डागवाले काका? तुमच्या लेकीने दिलीये. आठ महिने माझ्या झोपायच्या बंकखाली होती, मी एक थेंब नाही घेतला, पाहिजे तर मोजून घ्या!"

"काय आहे?"

"रम."

"मी व्हिस्की पितो. तिला माहितीये."

"तिला माहितीये म्हणूनच दिलीये वाटतं. म्हणाली, पिऊन कशी आहे ते लिहून पाठवा. बाकी काही लिहू नका म्हणाली."

बाकी काही लिहू नका. म्हणजे बाकी काहीही का असेना, तीन वर्षांनी तिने त्यांच्याकडे काहीतरी मागितलं होतं! डागवाल्यांनी बाटली टेबलाखाली ठेवली आणि त्या दिवशी दोन कपड्यांची कार्डं उलटसुलट टाचली.

शनिवारी उघडली. हैतीची होती, पाण्यासारखी पांढरी, उसाच्या रसाची. पहिल्या घोटाला डोळ्यांतून पाणी. बायको धावत आली, "काय झालं? छातीत दुखतंय का?" त्यांना बोलताही येईना. मग त्यांनी पिवळं कार्ड घेतलं आणि जे जमतं तेच केलं. वास: कापलेलं गवत, रॉकेल. चव: जाळ. काय केलं: पाणी घातलं. निकाल: पिण्यासारखी नाही.

पुढच्या खेपेला केकवाली दुसरी बाटली घेऊन आली आणि म्हणाली, "काका, कार्ड वाचून ती एवढी हसली, एवढी हसली, मला वाटलं हिला वेड लागलं. बंकवर चिकटवून ठेवलंय तिने."

चिकटवून ठेवलंय. डागवाले "बरं" म्हणाले आणि मागे जाऊन वाफेची नळी उगाच चालू केली. त्या वाफेत कुणाला काही दिसत नाही.

दुसरी बार्बाडोसची. लाकडात मुरलेली, मवाळ, सोनेरी. ती मात्र त्यांना पटली. निकालात लिहिलं, व्हिस्कीची मावसबहीण. त्याला नकटीचं उत्तर पुढच्या सुट्टीत केकवालीच्या तोंडून आलं, "ती म्हणाली, मग तुम्ही अजून व्हिस्कीच पिताय. रम प्यायलाच नाहीत."

"असं म्हणाली?"

"असंच. हात कमरेवर ठेवून. अगदी तुमच्यासारखी उभी राहते हो ती."

आणि पिशवीतून तिसरी काढली. जमैकाची. काळपट तांबूस, लेबल साधं, आणि तिची ताकद वाचून इस्त्रीवाला म्हणाला, "डागवाले, ही प्यायची का हिच्यावर इस्त्री चालवायची?"

शनिवारी बूच निघालं आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "कसला वास येतोय? केळी टाकायची राहिली का कुठे?"

डागवाले ग्लास धरून नुसते बसले. केळ्याचा वास. डोक्यात जाणारा. सात नंबर! हुबेहूब सात नंबर, आणि खाली आणखी बरंच काही, कुजलेला अननस, डिंक, ओलं चामडं, महिनाभर बंद राहिलेला डबा. त्यांना पहिल्यांदा वाटलं पोरीने टोमणा मारलाय. माझ्याच टेबलावरची बाटली मला पाठवलीये, घ्या, प्या. त्यांनी ग्लास मोरीत ओतला आणि त्या शनिवारी काहीच प्यायले नाहीत. बत्तीस वर्षांत असं फक्त कावीळ झाली तेव्हा झालं होतं.

पण नाकाचा किडा गप्प बसू देईना. पुढच्या शनिवारी परत ओतली. या वेळी नाक जवळ नाही नेलं, हातभर लांब धरला ग्लास. अर्धा तास नुसता ठेवला. चमचाभर पाणी घातलं, परत थांबले. दाणे पण बाजूला सारले. आणि तिसऱ्या शनिवारी, देवाशप्पथ, ती रम उलगडली. तो घाणेरडा वास गेला नाही हं, वास तिथेच होता, पण त्याच्या आत कुणीतरी दिवा लावल्यासारखं झालं. कुजलेलं होतं तेच गोड लागायला लागलं. घोट गिळून झाला तरी संपेना, पाच मिनिटांनी परत वर यायचा आणि नवीन काहीतरी सांगून जायचा. व्हिस्की त्यांना आयुष्यभर शहाण्या माणसासारखी वाटली होती, सगळं जागच्या जागी. ही सगळं घर अस्ताव्यस्त करून मध्ये बसून हसत होती.

"अगं, इकडे ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "हे बघ. हे नासवतात, माहितीये? मुद्दाम. केकवाली सांगत होती, जुना गाळ ठेवतात, त्यात आंबवतात, जेवढं नासेल तेवढं चांगलं. नासल्याशिवाय ही चव येतच नाही. मला कळलंच नव्हतं असं असतं."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. किती वर्षांनी ते एका दमात एवढं बोलले होते.

"मग हे लिहा ना," ती म्हणाली. "आत्ता बोललात तसं. सगळं."

त्यांनी कार्ड घेतलं. पेन घेतलं. अर्धा तास बसले. मनात केवढं होतं! मनात होतं की पोरी, मी तुला तो शब्द लावला तेव्हा मला त्या शब्दातलं काही कळत नव्हतं. मनात होतं की नासणं म्हणजे संपणं असं मला वाटायचं. मनात होतं की मी चुकलो. आणि चार ओळींचं कार्ड समोर, आणि हाताला चाळीस कार्डांची सवय. शेवटी लिहिलं. वास: सात नंबर. चव: तीन शनिवार लागले. काय केलं: थांबलो. निकाल: नासलेली. ठेवून घेतली.

बायकोने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अहो, हा शब्द नको."

"का?"

"का काय? दुसरा नाही का सापडला? हजार आहेत."

"तिला कळेल. तिला नाक आहे."

"तिला नाक आहे, पण तिला कानही आहेत ना. ऐकलाय तिने तो एकदा."

"म्हणून तर!" डागवाले जवळजवळ ओरडलेच. "म्हणून तर तोच लिहिलाय! तो शब्द मला परत घ्यायचाय. दुसरा लिहिला तर तो तिथेच राहील."

खरं तर तिने ते कार्ड तिथेच फाडायला हवं होतं. पण तिलाही एक क्षण वाटलं, कळेलही. दोघं बापलेक असल्याच भाषेत बोलत आलेत, कुणी सांगावं. आणि केकवालीची सुट्टी दोन दिवसांनी संपत होती.

पुढचे आठ महिने डागवाले वेगळेच झाले. इस्त्रीवाल्याला रमवर भाषण द्यायचे. "गवताची वेगळी, गाळाची वेगळी. व्हिस्कीवाल्याने आधी बार्बाडोसची घ्यावी, मग हळूहळू बिघडावं." इस्त्रीवाला म्हणायचा, "या वयात बिघडताय, वहिनींना सांगू का?" तिसरी बाटली ते महिन्यातून एकदाच काढायचे, बोटभर, पुरवून पुरवून. घरातली मधली खोली, जिथे जुने पेपर आणि सुटकेस ठेवल्या होत्या, ती त्यांनी एका रविवारी रिकामी केली. पलंगाच्या फळीला खिळे मारले, पडदे दुकानातून धुऊन आणले. बायकोने बघितलं आणि नवीन उशी आणली.

केकवाली आली ती पिशवी न घेता.

काउंटरच्या अलीकडेच उभी राहिली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मशिनात बुडाला. डागवाल्यांना पुढे यावं लागलं.

"बाटली राहिली का?"

"काका, ती नाहीये आमच्या जहाजावर. कार्ड दिलं त्याच्या दुसऱ्या महिन्यात गेली. दुसरी कंपनी, दुसरं जहाज. कुठलं ते मला सांगितलं नाही."

"काही म्हणाली?"

"कार्ड वाचलं. मी वाट बघत होते हसेल म्हणून. तिने घडी घातली, खिशात ठेवलं, आणि शिफ्टला गेली. मी विचारलं काय लिहिलंय. म्हणाली, निकाल."

डागवाले काउंटर धरून उभे. "तू वाचलं होतंस?"

"वाचलं होतं. खोटं कशाला बोलू. मला वाटलं रमचंच असेल. पण मग तिचा चेहरा बघितला, आणि परत आठवून बघितलं ना, तेव्हा मला पण तसंच वाटलं. नासलेली, ठेवून घेतली. जसं काही कुणी परत आलेला माल..."

"रमबद्दल होतं ते. चांगलं होतं ते!"

"मग मला सांगा ना काय ते. तिकडे आमचे लोक सगळ्या जहाजांवर आहेत, कुणाच्या तरी कानावरून जाईल. पण दुसरा शब्द द्या, काका. पिकलेली सांगू का? मुरलेली? किती छान वाटतं, मुरलेली."

डागवाल्यांनी तोंड उघडलं. आणि बघा ना, इथे तरी! इथे तरी "हो" म्हणायचं होतं. पण ते पुटपुटले, "मुरलेली ती दुसरी. बार्बाडोसची. पिकणं वेगळं, त्याला गाळ नसतो. ही पिकलेली नव्हती. ही..."

ते थांबले. केकवालीने वाट बघितली. इस्त्रीवाल्याने मशीन बंद केलं, त्यालाही ऐकायचं होतं. सगळं दुकान एका शब्दासाठी थांबलं होतं आणि डागवाले ओठ हलवत होते, अकरा बाटल्यांवरून हात फिरवत योग्य बाटली शोधावी तसे, आणि हाताला तीच एक लागत होती.

"राहू द्या, काका," केकवाली हळूच म्हणाली. "सुचला की सांगा. मी आता जहाज सोडलंय तसंही. गुडघे गेले माझे."

त्या संध्याकाळी ते सातच्या आधीच घरी आले. बायकोने दार उघडलं आणि त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, आणि तिला कळलं की यांनाही कळलंय. म्हणजे तिला आधीच माहीत होतं! त्यांनी ते तिच्या तोंडावर वाचलं.

"तुला फोन आला होता," ते म्हणाले. पाच वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य घरात बोललं गेलं. खरं तर साडेपाच.

"आला होता. पाच महिन्यांपूर्वी. शेवटचा."

"मग तू सांगितलं नाहीस तिला? मला काय म्हणायचं होतं ते?"

"सांगितलं. सगळं सांगितलं. तुम्ही मला ग्लास धरून सांगत होतात ना, जसंच्या तसं. नासल्याशिवाय चव येत नाही म्हणाले, म्हटलं. खोली पण सांगितली, तेव्हा तुम्ही नुकतीच आवरली होतीत."

"मग?"

बायको खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली. "म्हणाली, आई, मला कळलं होतं. वाचलं तेव्हाच कळलं होतं बाबांना काय म्हणायचंय. कौतुकच केलंय त्यांनी."

"मग!"

"म्हणाली, पण त्यांच्याकडे माझ्यासाठी तोच एक शब्द आहे. चांगलं म्हणायचं असलं तरी तोच."

मग डागवाल्यांनी विचारलं, "नंबर?"

"त्या नंबरवर आता कुणीच नाही. मी रोज दुपारी लावून बघते."

"मला का नाही सांगितलंस एवढे महिने?"

"तुम्ही पलंगाला खिळे मारत होतात," ती म्हणाली. "कसं सांगणार होते?"

ती आत गेली. शनिवार होता, साडेसात व्हायला आले होते, हे तिच्या सवयीने लक्षात आलं आणि तिने बाहेर येऊन दाण्यांची वाटी टेबलावर ठेवली. डागवाल्यांनी व्हिस्की ओतली, टोपणभर पाणी घातलं, आणि न हुंगता गटकन प्यायले. दुसरा ओतला. तोही तसाच. मग तिसरा ओतला.

बायकोने बघितलं. तिसरा पेग तिने त्यांच्या हातात आयुष्यात बघितला नव्हता. ती मधल्या खोलीत गेली आणि तिथला संध्याकाळीच लावून ठेवलेला दिवा बंद करून आली.